दोनशे चौदावा सांधा

पडद्यावर एकच बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सहमत'.

तृप्ती कुबलने चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि पडद्याचे चारही कोपरे शोधले. दुसरं बटण कुठेच नव्हतं.

"आणि माणूस सहमत नसला तर?" तिने विचारलं.

सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, मॅडम निवृत्तीच्या तोंडावर थट्टेवर आल्या आहेत. वाघकातळ अणुवीज केंद्रात नळ्यांचे तीन हजार एकशे साठ सांधे होते आणि त्यांच्या तपासणीवर आज शेवटची मानवी सही व्हायची होती. उद्यापासून 'जागल्या' स्वतःच तपासणार होता आणि स्वतःच दाखला देणार होता. तपासणीसाठी दर दीड वर्षाने बंद ठेवली जाणारी, आत्ताही बंद असलेली अणुभट्टी यापुढे पाच वर्षांतून एकदाच थांबणार होती. पेढ्यांचे खोके उघडून ठेवले होते, संचालक डॉ. टिळेकरांचं भाषण झालं होतं आणि फोटोवाला केव्हाचा डोळा मिटून उभा होता.

तृप्तीचं बोट काही पुढे सरकेना.

"दोनशे चौदा नंबरचा सांधा उघडून दाखवा," ती म्हणाली, "मग दाबते."

आता कोणी हसलं नाही. फोटोवाल्याने मिटलेला डोळा उघडला.

जागल्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण यंत्र वाईट नव्हतं. उगाच यंत्राला शिव्या घालण्यात काही अर्थ नाही. केंद्रातल्या प्रत्येक सांध्याभोवती कागदाइतकी पातळ एक पट्टी चिकटवलेली होती. दर तासाला ती पट्टी पोलादात माणसाला ऐकू न येणारा एक सूक्ष्म ध्वनी सोडायची आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायची. पोलाद अखंड असेल तर प्रतिध्वनी एका तऱ्हेचा, आत केसभर चीर गेली तर दुसऱ्या तऱ्हेचा. तृप्तीने तरुणपणी हेच काम हातात प्रोब धरून, गुडघ्यांवर रांगत केलं होतं. जागल्या ते सगळ्या सांध्यांवर एकदम करायचा, न थकता, न कंटाळता. त्याने नऊ चिरा माणसाच्या कितीतरी आधी पकडल्या होत्या. तृप्तीला त्याचं कौतुकच होतं.

फक्त एक गोष्ट तिला खटकायची. जागल्या बदल शोधायचा. जिथे काहीच बदललं नाही, तिथे सगळं ठीक आहे असं धरून तो पुढे जायचा.

*

"मॅडम, तुम्ही नेमका सगळ्यात निरोगी सांधा पकडलात," निषाद आजगावकर म्हणाला. सभागृहातून तो तिला जवळजवळ ओढतच आपल्या खोलीत घेऊन आला होता. पट्ट्यांच्या जुन्यानव्या नोंदी वाचणारा जागल्याचा मेंदू त्याने दहा वर्षांपूर्वी घडवला होता. पण त्याच्या हातात पहिला प्रोब तृप्तीने दिला होता, आणि चुकीच्या कोनात धरला म्हणून बोटांवर फूटपट्टीही मारली होती. आता तो अडतीस वर्षांचा होता, तिच्यापेक्षा दोन पायऱ्या वर होता, तरी मॅडमसमोर खुर्चीच्या कडेलाच बसायचा.

त्याने आलेख उघडला. "बाकी बहुतेकांची वयाप्रमाणे काही ना काही कुरकुर आहे. हा बघा. बावीस वर्षांत रेष हललेली नाही."

"तेच म्हणतेय मी. बावीस वर्षांत ज्याचं काहीच दुखलं नाही, असं या जगात काय बघितलंयस तू?"

"ही नळी राबत नाही ना. आणीबाणीची आहे. नुसती उभी असते."

"आणि फुटली तर?"

याचं उत्तर निषादला तिनेच शिकवलं होतं. अणुकेंद्रातल्या नळ्यांची सगळी भिस्त एका तत्त्वावर असते: चांगलं पोलाद एकदम फुटत नाही, आधी गळतं. गळती दिसली की भट्टी थांबवायची आणि नळी बदलायची. पण हे खरं कुठे, तर जिथे नळीत सतत दाबाखाली पाणी असतं तिथे. दोनशे चौदा ज्या नळीवर होता ती भट्टीला बिलगून कोमट, शांत उभी असायची. भट्टी हाताबाहेर गेली तर तिच्यातून गार पाण्याचा लोंढा आत सोडायचा, एवढंच तिचं काम. म्हणजे तिची परीक्षा एकदाच होणार आणि ती नेमकी त्या दिवशी होणार, ज्या दिवशी नापास व्हायची सोय नाही.

"कारण द्या मॅडम," निषाद काकुळतीला आला. "सांधा उघडायचा म्हणजे आवरण कापा, पट्टी फाडा, भट्टी आणखी चार दिवस बंद. नुसतं 'मला खटकतं' असं टिळेकर सरांना कसं सांगू?"

कारण तिच्याकडे होतं. बावीस वर्षं होतं. तिने पर्स उचलली आणि "उद्या सांगते" म्हणून निघाली.

*

केंद्राच्या कुंपणापासून दोन मैलांवर भिकाजी मेस्त्री राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. केंद्र उभं राहताना त्यांच्या हातासारखा वेल्डिंगचा हात कुणाचा नव्हता. ओटीवरच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या ओळीतच एक फोटो होता: चकचकीत नळी, तिच्याभोवती दहाबारा हसरे चेहरे, मध्ये हातात फुटका नारळ धरलेली तरुण तृप्ती.

"काय गो बाय, भर दुपारची? पेढे देऊक इलंस?"

"मेस्त्री, दोनशे चौदाला चीर गेली असावी."

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. "माझ्या सांध्याक? तू स्वतः एक्स-रेची फिल्म काढून बघितलंस तेव्हा. एक बुडबुडो तरी गावलो तुका?"

"तुमच्या कामात खोट नव्हती. खोट वरून आली." तिने फोटोतल्या नारळाकडे बोट दाखवलं. "यातून."

हे सांगायला तिला बावीस वर्षं लागली होती. नकाशावर तो सांधा दोनशे चौदावा असला तरी जोडला गेला सगळ्यात शेवटी, आणि जोडला गेला तो नेमका खंडेनवमीला. त्या दिवशी कोकणात कोयता, करवत, रिक्षा, सगळ्यांची पूजा होते. मग एवढी नळी कशी सुटेल? तृप्ती तेव्हा तपासनिसांत सगळ्यात नवी होती, सांधा तिने पास केला होता, म्हणून नारळाचा मान तिचा. तिने नळीखालच्या लोखंडी आधारावर नारळ आपटला आणि पाणी थेट सांध्यावर उडालं.

आता स्टेनलेस पोलाद गंजत नाही, हे आपण घरातल्या भांड्यांवरून शिकलेलो असतो. पण त्याचा एक वैरी आहे: क्लोराइड, म्हणजे मिठातला अर्धा भाग. पोलादात वेल्डिंगचा ताण असला, वर ऊब असली आणि त्यात क्लोराइड पोचला, की न गंजता ते चिरत जातं. वर्षानुवर्षं, बाहेरून आत, आवाज न करता. म्हणून केंद्रात नळीला घामाचा हात लावायलाही बंदी. नळीवर खूण करायचं पेनसुद्धा वेगळं, क्लोराइड नसलेल्या शाईचं. आजाऱ्याला शहाळं देतात ते त्यातल्या क्षारांसाठी, हे तृप्तीला तेव्हाही माहीत होतं. तरी सगळे एवढे आनंदात होते, की तिला ते पाणी म्हणजे प्रसादच वाटला.

"फडक्यान पुसलो होतो ना आपण?" मेस्त्री म्हणाले.

"ओल्या फडक्याने. नळाच्या पाण्याच्या."

"नारळ म्हणजे देवाचा काम. दर दसऱ्याक आमी ह्या करीत होतो, पाच वर्सा. कधी काय झाला?"

"झालं की नाही ते कळायला हवं ना? पट्टीवाले दुसऱ्या दिवशी सकाळी आले, दसऱ्याच्या मुहूर्ताला. सांध्यावर हळदकुंकू तसंच होतं. त्यांनी मला विचारलं, पुसायचं का? आणि मी..."

दसऱ्याच्या सकाळी, दहा जणांसमोर कुंकू पुसायचं कोणी? तिचा हात झाला नव्हता. पट्टी कुंकवावरच बसली, वर आवरण चढलं आणि तृप्ती कुबलने नोंदवहीत लिहिलं, 'पृष्ठभाग स्वच्छ'. नंतर पट्टी एवढी वर्षं पोलादाला हाक मारतेय असं सगळ्यांना वाटत राहिलं. ती हाक बहुधा वाळलेल्या कुंकवाच्या थरावर आपटूनच परत येत होती. म्हणून ती रेष इतकी सरळ.

"आधी का नाय बोललंस?"

"भीती वाटली. मग नाव झालं. मग नावाची भीती वाटली." तिने डोळे पुसले. "आता बोलले तर माझं प्रमाणपत्र जाणार, मेस्त्री. सव्वीस वर्षांत केलेलं सगळं काम पुन्हा तपासलं जाईल. लोक म्हणतील, या बाईने खोटं लिहिलं."

मेस्त्रींनी उठून फोटो खिळ्यावरून काढला आणि तिच्या हातात दिला. सांध्यावरचा लाल पट्टा त्यात स्वच्छ दिसत होता.

"कुंकू मियां लावलंय, बोटभर जाड. तुया खंय लावलंस? तर माझाय नाव ल्ही. सांधो माझो, कुंकू माझा, आणि गुन्हो एकट्या तुझो? चलाचा नाय."

*

"कुबलबाई, तुम्ही काय करताय ते कळतंय का तुम्हाला?" डॉ. टिळेकरांनी फोटो टेबलावर उलटा ठेवला, जणू उलटा ठेवला की तो नाहीसा होणार होता. "तीन महिन्यांनी तुम्ही सन्मानाने घरी जाणार."

"त्याच्या आधी सांधा उघडायचाय."

"उघडू ना. पुढच्या बंदच्या वेळी."

"म्हणजे पाच वर्षांनी."

"बावीस वर्षं टिकला तो पाच वर्षं टिकणार नाही?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, ही गोष्ट या खोलीबाहेर गेलेली नाही. तुम्ही सहमत दाबा. मी फोटो पाहिलेला नाही."

तृप्तीला एकाएकी हसू आलं. बावीस वर्षांपूर्वी ती स्वतःशी अगदी हेच बोलली होती, जवळपास याच शब्दांत. तेव्हा तिला ते शहाणपण वाटलं होतं.

"सर, नियम क्रमांक एकोणीस तुम्हाला पाठ असेल. स्वच्छतेची नोंद खोटी असल्याचं लेखी समोर आलं, तर तो सांधा उघडल्याशिवाय भट्टी सुरू करता येत नाही."

"आणि नोंद करणाऱ्याचं प्रमाणपत्र त्याच क्षणी रद्द होतं. पुढची ओळही पाठ आहे ना?"

"मीच शिकवते ती नव्या मुलांना."

पडद्यावर नकाराला जागा नव्हती, पण कोपऱ्यातल्या कपाटात जुनी नोंदवही होती. कायद्याने ती ठेवावी लागे, वाचत कोणी नसे. तृप्तीने ती टेबलावर आणली, खिशातलं ते क्लोराइड नसलेल्या शाईचं पेन काढलं आणि उभ्यानेच लिहिलं: 'सांधा क्रमांक २१४ ची माझी नोंद खोटी आहे. पृष्ठभाग स्वच्छ नव्हता. मला ते माहीत होतं. मी सहमत नाही.' खाली मेस्त्रींचं नाव, त्यांनी सांगितलं तसं, आणि त्याखाली सही. अक्षर सुवाच्य आलं.

टिळेकरांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र मागितलं. तिने ते काढून दिलं. "तुम्ही आता तपासणी करू शकत नाही," ते म्हणाले. "आणि केंद्रात हाताने तपासणी करायचं प्रमाणपत्र दुसऱ्या कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," दारातून निषाद म्हणाला.

तो केव्हा आला होता कुणास ठाऊक. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दरवर्षी तृप्ती त्याच्या मागे लागून ती परीक्षा द्यायला लावायची आणि दरवर्षी तो वैतागून म्हणायचा, मॅडम, आता हाताचं काय काम?

*

भट्टीच्या इमारतीत पाहुणी म्हणून शिरायची तृप्तीची ही पहिलीच वेळ. पाहुण्यांनी कशालाही हात लावायचा नसतो, म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. पण तोंडावर बंदी नव्हती.

"आवरण खालून काप. पट्टी ओढू नकोस, सोल."

पट्टीबरोबर काळपट तपकिरी पापुद्रा निघून आला. निषादने तो बोटांत चुरगाळला. आतून अजून लाल होता.

"दहा वर्षं," तो पुटपुटला, "माझा जागल्या याच्याशी बोलत होता?"

"तुझा दोष नाही. पुसायचं काम माझं होतं. चल, द्रावक घे."

ही चाचणी जगातली सगळ्यात साधी. सांधा स्वच्छ पुसायचा, त्यावर लाल रंग फवारायचा आणि वीस मिनिटं थांबायचं. चीर असली तर रंग तिच्यात झिरपतो. मग वरचा रंग पुसून टाकायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. आत लपलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. इथे पडदा नाही, आलेख नाही. ज्याला डोळे आहेत त्याला दिसतं.

निषादने पांढरं फवारलं. दोघं वाट बघत राहिले. टिळेकर मागे घड्याळ बघत होते.

एक मिनिट. दोन. सांधा कोऱ्या कागदासारखा पांढरा होता. आपण चुकलो? एका जुन्या अपराधापायी स्वतःचं नाव, मेस्त्रींचं नाव, सगळं मातीत घातलं?

"सर, पुरे आता," टिळेकर म्हणाले. त्यांचं 'सर' निषादला होतं. आता सही त्याच्या हातात होती, म्हणून संचालक फारच गोड बोलू लागले होते.

"नियम दहा मिनिटांचा आहे," निषाद वर न बघता म्हणाला. "मॅडमनी मला फूटपट्टीने मारून शिकवलाय."

चौथ्या मिनिटाला वेल्डच्या कडेला एक लाल ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग सगळे ठिपके एकमेकांना मिळाले आणि फांद्या फुटलेली एक बारीक लाल रेघ नळीच्या अंगावरून वळत वळत पलीकडे दिसेनाशी झाली.

निषादने प्रोब लावला, कोन नीट धरला आणि खोली मोजली. नळीची भिंत अकरा मिलिमीटर. त्यातलं शाबूत पोलाद उरलं होतं तीन.

"लोंढा सोडला असता तर..." टिळेकर म्हणाले आणि थांबले. त्यांनी भिंतीला टेकून कपाळाचा घाम पुसला. तृप्तीला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो स्वतःचाच, बावीस वर्षांचा.

*

तिसऱ्या दिवशी निषादचा फोन आला. ती पाहुण्यांचा पास काढून त्याच्या खोलीत गेली. पेढ्यांचा एक खोका अजून तसाच टेबलावर होता.

"टिळेकर सर म्हणतात, दोनशे चौदा बदलला की परवा भट्टी सुरू," तो म्हणाला. "पण मी जागल्याला विचारलं, बावीस वर्षांत रेष न हललेले आणखी सांधे किती? चार निघाले. चारही वेगवेगळ्या खोल्यांत. वेल्डर वेगळे, पोलाद वेगळं. जागल्या म्हणतो, यांच्यात समान काहीच नाही, योगायोग आहे."

"पट्ट्या लावल्याच्या तारखा वाच."

"एक वीस ऑक्टोबर. एक नऊ ऑक्टोबर. एक चक्क सत्तावीस सप्टेंबर. चौथा पुन्हा ऑक्टोबर. काही मेळ नाही, मॅडम."

तृप्तीला मेस्त्रींचं बोलणं आठवलं. दर दसऱ्याक, पाच वर्सा. जागल्याकडे प्रत्येक पट्टीची तारीख होती, पण पंचांग नव्हतं.

"चारही दसरे आहेत, निषाद."

त्याने जुनं पंचांग शोधून एकेक तारीख लावली आणि कपाळाला हात लावला.

"जागल्या देशात आणखी सहा केंद्रांत बसवलाय," तो हळूच म्हणाला.

"मग फोन कर. पहिला प्रश्न नळीचा विचारू नकोस. तुमच्याकडे पूजा कधी असते, ते विचार."

टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर टिळेकरांचं नाव होतं. निषादने तो वाजू दिला आणि पडदा तिच्याकडे वळवला. भट्टी सुरू करण्याच्या दाखल्यावर आता दोन बटणं होती. दुसरं त्याने रात्रभर जागून घातलं होतं, हे त्याच्या डोळ्यांवरूनच कळत होतं.

"तुम्ही दाबा, मॅडम. तुमच्यामुळे आलंय ते."

तृप्तीने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मला हात लावता यायचा नाही. माझं प्रमाणपत्र रद्द झालंय," ती म्हणाली. "तुझं आहे."

फोन वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. निषादने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि 'असहमत' दाबलं. मग त्याने फोन उचलला आणि खुर्चीत मागे सरकून, पहिल्यांदाच नीट टेकून बसला.

"बोला सर," तो म्हणाला. "आणखी चार उघडायचेत."